पत्रे उडाले, भिंत पडली... भरपाई पूर्ण पदरात कशी पाडून घ्यायची? पंचनाम्यापासून विमा लोकपालापर्यंत सगळी माहिती

वारंगा फाटा (ता. कळमनुरी) : एप्रिल-मे महिना आला की आपल्या भागात दुपारनंतर आभाळ कधी भरून येईल याचा नेम नसतो. दहा-पंधरा मिनिटांचं वादळ होतं, पण तेवढ्यात केळीच्या बागा आडव्या होतात, झाडं मोडतात आणि घरावरचे टिनपत्रे शेजाऱ्याच्या वावरात जाऊन पडतात. पिकाचं नुकसान झालं की काय करायचं हे आता बऱ्याच शेतकऱ्यांना माहीत झालंय. पण घराचं नुकसान झालं की माणूस गोंधळून जातो. आधी डोक्यावर छप्पर आणायचं की कागद गोळा करायचे? या घाईत अनेक जण पत्रे परत ठोकून मोकळे होतात आणि भरपाईच्या वेळी हातात पुरावा काहीच राहत नाही.

समुद्राकाठी येणारं चक्रीवादळ आपल्या हिंगोली जिल्ह्यात थेट येत नाही. अमेरिकेत त्यालाच हरिकेन म्हणतात. पण पत्रा कुठल्या वाऱ्याने उडाला याने घरमालकाच्या खिशाला काही फरक पडत नाही. भरपाईचे नियमही बरेचसे सारखेच आहेत. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर धडकलं. तेव्हा पूर्ण पडलेल्या घराला नियमाने ९५ हजार १०० रुपये मिळत होते. नुकसान मोठं असल्याने राज्य सरकारने त्या वादळापुरती ही मदत दीड लाख केली. पण वाढीव दर असो की नेहमीचा, पंचनाम्यात घर ‘पूर्ण’ लिहिलंय की ‘अंशतः’ यावरच कुणाला किती मिळणार ते ठरतं. कोकणात जे खरं, तेच कळमनुरी तालुक्यातही खरं.

भरपाईचे दरवाजे दोन, हे आधी समजून घ्या

पहिला दरवाजा सरकारी मदतीचा. ही मदत राज्य आपत्ती प्रतिसाद निधीतून, म्हणजे एसडीआरएफमधून, ठरलेल्या दराने मिळते. ती ‘मदत’ आहे, झालेल्या नुकसानीची पूर्ण किंमत नाही. गारपीट, पूर, चक्रीवादळ या आपत्ती केंद्राच्या यादीत आहेत. अवकाळी पाऊस आणि वीज पडणं या आपत्ती महाराष्ट्र सरकारने राज्याच्या पातळीवर मान्य केलेल्या आहेत.

दुसरा दरवाजा विम्याचा. तुम्ही हप्ता भरून घराचा विमा काढला असेल, तर कंपनीसोबत तुमचा करार झालेला आहे. तिथे मदत मागायची नसते, हक्काचे पैसे मागायचे असतात.

एका दरवाजावर गेलात म्हणून दुसरा बंद होत नाही. विमा असलेल्या माणसानेही तलाठ्याकडून पंचनामा करून घ्यावा, कारण तोच कागद विमा कंपनीला दाखवायला कामी येतो.

आणि एक गैरसमज इथेच दूर करू. पीक विमा हा पिकापुरता असतो, घरापुरता नाही. बँकेतून वर्षाला २० रुपये कटतात तो प्रधानमंत्री सुरक्षा विमा अपघाताचा आहे. ४३६ रुपये कटतात तो जीवन ज्योती विमा माणसाच्या जिवाचा आहे. यातल्या कशातूनही पत्र्याचे पैसे मिळत नाहीत. घराचा विमा वेगळा काढावा लागतो.

वादळ थांबलं की पहिले दोन दिवस

१) आधी जीव. अंगणात वीजवाहिनी तुटून पडली असेल तर हात लावू नका, जनावरंही जवळ जाऊ देऊ नका. महावितरणला १९१२ वर कळवा. जिल्हा आपत्ती नियंत्रण कक्षाचा क्रमांक १०७७ आहे.

२) काही उचलायच्या आधी मोबाईल काढा. घराचे चारही बाजूंनी फोटो घ्या. मग आतल्या प्रत्येक खोलीचे. एक सलग व्हिडिओ करा आणि त्यात तोंडाने तारीख, वेळ, गावाचं नाव बोला. फोनमधलं लोकेशन चालू ठेवा. उडालेला पत्रा जिथे जाऊन पडला तिथलाही फोटो घ्या. तो पत्रा वाऱ्यानेच गेला याचा तो पुरावा आहे.

३) फोटो फक्त व्हॉट्सअ‍ॅपवर ठेवू नका. तिथून पाठवलेल्या फोटोतली तारीख-वेळेची नोंद बहुतेक वेळा निघून जाते. मूळ फोटो फोनमध्ये तसेच राहू द्या, मेमरी कार्डात एक प्रत ठेवा.

४) यादी लिहा. किती पत्रे गेले, किती वाकले, किती पाईप-अँगल मोडले, भिंत किती फूट पडली, कपाट, पंखा, टीव्ही, धान्याच्या कोठ्या, भांडी. वहीच्या पानावर लिहिलं तरी चालतं. खाली तारीख टाका, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घ्या.

५) घर उघडं ठेवा असं कुणी म्हणत नाही. ताडपत्री टाका, उरलेलं सामान वाचवा. उलट विमा कंपनीही हेच विचारते की पुढचं नुकसान टाळायला तुम्ही काय केलं. फक्त ताडपत्री-दोरीची पावती ठेवा. मोडके पत्रे, फुटलेलं सामान पंचनामा आणि सर्व्हे होईपर्यंत भंगारवाल्याला देऊ नका.

६) तलाठ्याला (आता पदाचं नाव ग्राम महसूल अधिकारी) आणि ग्रामसेवकाला (आता ग्रामपंचायत अधिकारी) फोन करा. फोन लागला नाही तर मेसेज टाका, म्हणजे कळवल्याची नोंद राहते. पाठोपाठ तहसीलदारांच्या नावाने लेखी अर्ज द्या आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. ही शिक्क्याची प्रत पुढे सगळीकडे लागते.

७) विमा असेल तर त्याच दिवशी कंपनीच्या टोल फ्री क्रमांकावर कळवा आणि तक्रार नव्हे, ‘क्लेम नंबर’ लिहून घ्या.

पंचनामा : सही करायच्या आधी वाचा

सरकारी मदतीचा सगळा खेळ या एका कागदावर आहे. पथक गावात येतं तेव्हा त्यांना एका दिवसात बरीच घरं बघायची असतात. म्हणून घरी कुणीतरी मोठं माणूस हजर ठेवा आणि फोटो, यादी, नमुना ८ चा उतारा, आधार, बँक पासबुक एका पिशवीत तयार ठेवा.

पंचनाम्यात या गोष्टी बघून घ्या :

• घर पक्कं, कच्चं की झोपडी, हे बरोबर लिहिलंय का?

• नुकसान ‘पूर्णतः’ की ‘अंशतः’? अंशतः असेल तर टक्के किती?

• घराला जोडून असलेल्या गोठ्याची नोंद वेगळी आहे का?

• जनावर दगावलं असेल तर ते लिहिलंय का? पशुवैद्यकीय अधिकाऱ्याचा पंचनामा झाला का?

• नाव, आधार आणि खाते क्रमांक बरोबर आहेत का?

• तारीख वादळाचीच आहे का?

को-या कागदावर सही करू नका. नोंद पटत नसेल तर सही करताना खाली “नुकसानीची टक्केवारी मान्य नाही, फेरपाहणी व्हावी” असं आपल्या हाताने लिहा. भांडण करायची गरज नाही, ही एक ओळ पुरते. पंचनाम्याचा फोटो काढून ठेवा.

टक्केवारीवर एवढा जोर का देतोय, ते खालच्या दरांवरून लक्षात येईल. २०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी केंद्राने ठरवलेले एसडीआरएफचे दर असे होते :

• पूर्ण पडलेलं घर, पक्कं असो की कच्चं : सपाट भागात १ लाख २० हजार रुपये

• पक्क्या घराची किमान १५ टक्के पडझड : ६ हजार ५०० रुपये

• कच्च्या घराची किमान १५ टक्के पडझड : ४ हजार रुपये

• झोपडी : ८ हजार रुपये

• घराला जोडून असलेला गोठा : ३ हजार रुपये

• घर पूर्ण गेलं असल्यास कपड्यांसाठी २ हजार ५०० आणि भांड्यांसाठी २ हजार ५०० रुपये

• दुधाळ गाय-म्हैस ३७ हजार ५००, ओढकाम करणारा बैल ३२ हजार, शेळी-मेंढी ४ हजार रुपये

• माणूस दगावल्यास वारसांना ४ लाख रुपये

दर वेळोवेळी बदलतात आणि मोठ्या आपत्तीत राज्य सरकार वाढवूनही देतं. म्हणून आपल्या वादळाला कोणता दर लागू आहे ते तहसीलमध्ये विचारून घ्या.

आता बघा, पडझड १५ टक्क्यांच्या आत लिहिली तर हातात काहीच येत नाही. १५ टक्के लिहिली तर साडेसहा हजार. आणि ज्या घराच्या तीन भिंती गेल्या, छप्पर गेलं, राहण्यासारखं काही उरलं नाही, ते घर ‘अंशतः’ लिहिलं गेलं तर १ लाख २० हजारांच्या जागी साडेसहा हजार मिळतात. घर राहण्यालायक राहिलं नाही असं तुमचं म्हणणं असेल तर ग्रामपंचायतीमार्फत बांधकाम विभागाच्या अभियंत्याकडून पाहणी व्हावी, अशी लेखी मागणी करा. मिस्त्रीचं तोंडी मत आणि अभियंत्याचा कागद यात फरक असतो.

नमुना ८ वर आजोबांचं नाव आहे, मग?

आपल्याकडे सगळ्यात जास्त गाडी इथेच अडते. मदतीच्या नियमात घर अधिकृत असल्याचं सक्षम अधिकाऱ्याने प्रमाणित करावं अशी अट आहे. गावात त्यासाठी ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा आणि घरपट्टीची पावती बघितली जाते. उतारा वारलेल्या आजोबांच्या किंवा वडिलांच्या नावावर असेल, भावांमध्ये वाटणी तोंडी झाली असेल, तर पैसे कुणाच्या खात्यावर टाकायचे हा प्रश्न उभा राहतो.

वादळ आल्यावर वारस नोंद करायला पळापळ होते. ती आधीच करून घ्या. घाईच्या वेळी निदान एवढं करा : राहतं कोण आहे याचं ग्रामपंचायतीचं रहिवासी प्रमाणपत्र, घरपट्टी कोण भरतंय त्याच्या पावत्या, वीजबिल, आणि बाकी वारसांचं संमतीपत्र. भावाभावांनी हा कागद चहा पिता पिता करून टाकला तर पुढचे सहा महिने वाचतात.

यादीत नाव नाही किंवा रक्कम कमी आली तर

पहिल्यांदा तहसील कार्यालयाच्या नैसर्गिक आपत्ती शाखेत अर्ज द्या, सोबत शिक्क्याची जुनी प्रत आणि फोटो जोडा. तिथे काम झालं नाही तर कळमनुरीच्या उपविभागीय अधिकाऱ्यांकडे आणि मग जिल्हाधिकारी कार्यालयात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. शासनाच्या ‘आपले सरकार’ संकेतस्थळावर मोबाईलवरूनही तक्रार टाकता येते.

आपल्या घराच्या पंचनाम्यात नेमकं काय लिहिलंय हे कळत नसेल तर माहितीच्या अधिकारात १० रुपये शुल्क भरून पंचनाम्याची प्रत आणि लाभार्थी यादी मागा. ३० दिवसांत उत्तर देणं बंधनकारक आहे. दारिद्र्यरेषेखालील कुटुंबाला शुल्क लागत नाही, दाखला जोडावा लागतो.

पैसे मंजूर होऊनही आले नाहीत, असंही होतं. बहुतेक वेळा खातं आधारला जोडलेलं नसतं, किंवा खातं बंद पडलेलं असतं. बँकेत जाऊन एकदा बघून घ्या.

आता विमा. तुमच्याकडे आहे का, आधी शोधा

घर बांधायला किंवा दुरुस्तीला बँकेचं कर्ज घेतलंय का? मग बऱ्याचदा कर्जासोबत घराचा विमाही काढलेला असतो आणि कर्जदाराला त्याचा पत्ताच नसतो. बँकेत जाऊन कर्जखात्याचा उतारा मागा. ‘इन्शुरन्स’ नावाने रक्कम कटलेली दिसली तर पॉलिसीची प्रत मागा. मात्र तो विमा घराचा आहे की कर्जदाराच्या जिवाचा, हे नीट बघा. दोन्ही वेगळे आहेत. कर्ज चालू असेल तर भरपाईची रक्कम आधी बँकेकडे जाऊ शकते, हेही लक्षात ठेवा.

१ एप्रिल २०२१ पासून देशातल्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना ‘भारत गृह रक्षा’ नावाची एकसारखी पॉलिसी देणं विमा नियामक प्राधिकरणाने, म्हणजे इर्डाईने, बंधनकारक केलंय. कंपनी कोणतीही असो, मूळ अटी त्याच. त्यात आपल्या कामाचं असं आहे :

• आग, वीज पडणं, भूकंप, वादळ, चक्रीवादळ, पूर, घरावर झाड पडणं, या सगळ्याने झालेलं नुकसान धरलं जातं. हरिकेन हा शब्दसुद्धा मूळ यादीत आहे. २१ मार्च २०२४ च्या सकाळी भूकंपाच्या धक्क्याने हिंगोली जिल्हा हादरला होता, हे कुणी विसरलं नसेल.

• घराच्या विम्यासोबत घरसामानाचाही विमा आपोआप येतो. इमारतीच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत.

• विमा रक्कम ठरवताना जागेची किंमत धरायची नाही, फक्त बांधकामाचा खर्च धरायचा.

• वादळासारखी घटना घडल्यानंतर ७ दिवसांच्या आत त्यामुळे चोरी झाली तर तीही धरली जाते.

• मोडतोड उचलून नेण्याचा खर्च दाव्याच्या २ टक्क्यांपर्यंत मिळतो.

काय मिळत नाही, तेही ऐका. व्होल्टेज कमी-जास्त होऊन किंवा शॉर्टसर्किटने त्याच यंत्राचं झालेलं नुकसान यात बसत नाही. वीज पडून टीव्ही जळला तर ते बसतं की नाही, हे पॉलिसीच्या अटीत बघा. म्हणून मेकॅनिककडून कारण लिहून घ्या. विकायला ठेवलेले सोयाबीनचे कट्टे, हळद, दुकानातला माल हे सहसा घरसामान धरलं जात नाही. फाट्यावर हॉटेल, गॅरेज, किराणा दुकान असणाऱ्यांसाठी ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ ही वेगळी पॉलिसी आहे. कुडाच्या भिंती किंवा गवत-ताडपत्रीचं छप्पर असेल तर विमा घेतानाच कंपनीकडून लेखी विचारून घ्या. एजंटच्या तोंडी “हो बसतंय” याला पुढे काही अर्थ राहत नाही.

दावा करताना : तारखा पाळा

नुकसान लक्षात आल्यापासून ३० दिवसांत क्लेम फॉर्म भरून द्यायचा असतो. सोबत पॉलिसीची प्रत, फोटो, सामानाची यादी, पंचनाम्याची प्रत, दुरुस्तीचं अंदाजपत्रक आणि बँकेचा तपशील. वादळाचा पुरावा म्हणून त्या दिवशीच्या स्थानिक बातम्या आणि आपल्या महसूल मंडळातल्या हवामान केंद्राची नोंद कामाला येते. काही कारणाने कळवायला उशीर झाला तर गप्प बसू नका, उशिराचं खरं कारण लिहून द्या : रस्ता बंद होता, घरात आजारी माणूस होतं, जे असेल ते.

इर्डाईच्या २०२४ च्या सूचनांनुसार कंपनीने दावा कळल्यावर २४ तासांत सर्व्हेअर नेमायचा, सर्व्हेअरने १५ दिवसांत अहवाल द्यायचा आणि अहवाल आल्यावर ७ दिवसांत कंपनीने निर्णय घ्यायचा. हे आकडे फोनमध्ये लिहून ठेवा. “साहेब, अहवाल कधी आला? सात दिवस झाले का?” हा साधा प्रश्न विचारणाऱ्या माणसाची फाईल सहसा तळाला जात नाही.

सर्व्हेअर आला की

सर्व्हेअरला परवाना इर्डाई देते, त्याला नेमते कंपनी. त्याच्याशी नीट बोला, पण घर त्याच्या मनाने बघू देऊ नका, तुम्ही दाखवा. यादी हातात घेऊन एकेक वस्तू दाखवा. पत्र्यावर चढून वाकलेले पाईप दाखवा. भिंतीला गेलेली भेग वादळाआधी नव्हती, हे जुन्या फोटोतून दाखवा. पोरीच्या लग्नातला, गणपतीतला, वास्तुशांतीचा कुठलाही फोटो ज्यात भिंत, छप्पर दिसतंय, तो इथे सोन्यासारखा असतो.

आपलं अंदाजपत्रक आधीच तयार ठेवा. दोन मिस्त्री किंवा वेल्डरकडून आणि पत्र्याच्या दुकानातून लेखी कोटेशन घ्या. जीएसटी क्रमांक असलेल्या दुकानाचं असेल तर चांगलं. त्यात मोघम “शेड दुरुस्ती” असं नको. पत्रे किती, जाडी किती, पाईप किती फूट, मजुरी किती, वाहतूक किती, हे वेगवेगळं लिहिलेलं हवं.

एक उदाहरण घेऊ. समजा इमारतीचा विमा ५ लाखांचा आहे. ३० पैकी २० पत्रे गेले, चार पाईप वाकले, भिंतीचा वरचा भाग पडला. कोटेशन ८५ हजारांचं आहे. सर्व्हेअर म्हणतो, पत्रे आठ वर्षं जुने आहेत, ४० टक्के घसारा कापतो. म्हणजे ३४ हजार गेले, हातात ५१ हजार. आता तुमची पॉलिसी भारत गृह रक्षा असेल तर विचारा की घसारा कुठल्या कलमाने कापला? कारण या पॉलिसीत इमारतीची भरपाई पुन्हा उभं करण्याच्या खर्चावर ठरते, जुन्या पत्र्याच्या भंगार किमतीवर नाही. शिवाय घराची खरी बांधकाम किंमत ८ लाख होती आणि विमा ५ लाखांचाच होता, म्हणून त्या प्रमाणात रक्कम कापणंही या पॉलिसीत चालत नाही. मात्र ५ लाखांच्या वर मिळणार नाही. दुसरी जुनी पॉलिसी असेल तर तिच्यात घसाऱ्याची अट असू शकते. तसंच ‘एक्सेस’, म्हणजे आपण सोसायची ठरलेली पहिली रक्कम, आहे का तेही बघा.

म्हणून नियम एकच. कमी रक्कम सांगितली की हिशेब लेखी मागा. सर्व्हे अहवालाची प्रत मागा. कोणत्या वस्तूला किती धरले, काय कापले आणि कोणत्या कलमाने, हे कागदावर आल्याशिवाय होकार देऊ नका.

“इथे सही करा, फायनल आहे”

गरजेच्या वेळी ५१ हजारसुद्धा मोठे वाटतात. पाऊस तोंडावर आलेला असतो, म्हणून माणूस सही करून टाकतो. इर्डाईने २०१५ मध्येच कंपन्यांना स्पष्ट केलंय की डिस्चार्ज व्हाउचरवर सही केली म्हणून जास्त रकमेसाठी दाद मागण्याचा ग्राहकाचा हक्क संपत नाही. तरीही सही करताना “रक्कम हक्क राखून, आक्षेपासह स्वीकारली” असं लिहा आणि त्याच दिवशी कंपनीला ईमेल किंवा रजिस्टर पोस्टाने आक्षेप कळवा. पैसे घ्या, छप्पर टाका, बाकीसाठी भांडा.

आणि सर्व्हेअरने लिहिलं म्हणजे ती काळ्या दगडावरची रेघ नाही. सर्व्हेअरचा अहवाल हा अंतिम शब्द नाही, तो पुराव्याने खोडता येतो, असं सर्वोच्च न्यायालयाने २००९ च्या एका निकालात सांगितलंय.

दाद कुठे मागायची? चार पायऱ्या

पहिली पायरी : कंपनीचा तक्रार निवारण अधिकारी. लेखी तक्रार द्या. दोन आठवड्यांत उत्तर यायला हवं.

दुसरी पायरी : इर्डाईचं ‘बीमा भरोसा’ संकेतस्थळ किंवा टोल फ्री क्रमांक १५५२५५ आणि १८०० ४२५४ ७३२. इथे टाकलेली तक्रार कंपनीकडे नंबरासह जाते आणि तिचा माग ठेवला जातो.

तिसरी पायरी : विमा लोकपाल. कंपनीने तक्रार फेटाळली, किंवा एक महिना उत्तर दिलं नाही, किंवा दिलेलं उत्तर पटलं नाही, तर इथे जायचं. फी नाही, वकील लागत नाही. ५० लाखांपर्यंतचे दावे घेतात. कंपनीच्या उत्तरापासून एका वर्षाच्या आत अर्ज हवा. हिंगोली जिल्हा पुण्याच्या विमा लोकपाल कार्यालयाखाली येतो. अर्ज ऑनलाइन करता येतो. लोकपालाचा निवाडा कंपनीवर बंधनकारक असतो, तुम्हाला पटला नाही तर तुम्ही पुढे जाऊ शकता.

चौथी पायरी : जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. दोन वर्षांच्या आत तक्रार करायची. भरलेला मोबदला, म्हणजे आपल्या बाबतीत हप्ता, ५ लाखांच्या आत असेल तर फी लागत नाही. आधी सल्ला हवा असेल तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. एक लक्षात ठेवा, ग्राहक आयोगात प्रकरण चालू असताना तेच प्रकरण लोकपाल घेत नाहीत. म्हणून आधी लोकपाल, मग आयोग, हा क्रम सोयीचा.

या चुका करू नका

• नुकसान फुगवून सांगू नका. दोन पत्र्यांचे दहा केले आणि ते उघड झालं तर खऱ्या दोन पत्र्यांचेही पैसे जातात.

• “दहा टक्के द्या, भरपाई काढून देतो” म्हणणाऱ्याला मूळ कागद देऊ नका.

• भरपाई जमा करायला कुणी ओटीपी मागितला तर फोन ठेवून द्या. सरकार आणि विमा कंपनी पैसे द्यायला ओटीपी मागत नाही.

• पाडलेल्या भिंतीचे फोटो न काढता नवी भिंत बांधू नका.

तहसीलदारांना द्यायच्या अर्जाचा नमुना

प्रति, मा. तहसीलदार साहेब, तहसील कार्यालय, कळमनुरी.

विषय : वादळी वारा व अवकाळी पावसाने घराचे नुकसान झाल्याबाबत पंचनामा होणेबाबत.

महोदय, मी मौजे (गाव) येथील रहिवासी असून ग्रामपंचायत नमुना ८ प्रमाणे माझा घर क्रमांक (क्रमांक) आहे. दि. (तारीख) रोजी (वेळ) वाजता झालेल्या वादळाने माझ्या घराचे (किती) पत्रे उडाले, (कोणती) भिंत पडली व घराला लागून असलेल्या गोठ्याचे नुकसान झाले. घर सध्या राहण्यायोग्य आहे/नाही. तरी तात्काळ पंचनामा करून नियमानुसार मदत मिळावी व पंचनाम्याची प्रत मिळावी, ही विनंती.

सोबत : फोटो, नमुना ८ उतारा, घरपट्टी पावती, आधार व पासबुकाची प्रत, नुकसानीची यादी.

आपला/आपली विश्वासू, (नाव, सही, मोबाईल क्रमांक)

हा अर्ज दोन प्रतींत करा. एक द्यायची, एक शिक्का मारून घरी आणायची.

शेवटी एकच सांगणं. आज आभाळ निरभ्र असेल तर पाच मिनिटं काढा आणि घराचा आतून-बाहेरून एक व्हिडिओ करून ठेवा. नमुना ८ कुणाच्या नावावर आहे ते बघा. बँकेत कर्ज असेल तर विम्याची चौकशी करा. ज्यांच्या घरी स्मार्टफोन नाही, अशा शेजारच्या म्हाताऱ्या माणसांच्या घराचाही व्हिडिओ काढून द्या. वादळ गेल्यावर त्यांच्या हातात दाखवायला तेवढंच असतं.